शिळ्या बांगड्यांची कुरकुर

दर रविवारी सकाळी मी सत्तावीस माणसांना मोबाईलवर एक लांबलचक मजकूर पाठवायचो. त्याचे चार भाग असत. पहिल्यात आठवडाभर इंटरनेटवर धुंडाळून काढलेली एखादी नवलाची गोष्ट, दुसऱ्यात एखादा खेळ, तिसऱ्यात मी निवडून एकामागोमाग लावलेली सात गाणी आणि चौथ्यात एक कुरकुर. कुडाळच्या एका सरकारी कचेरीत जुन्या दप्तरांच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी सांस्कृतिक कामगिरी करणं कठीण आहे, असं तेव्हा माझं प्रामाणिक मत होतं.

सत्तावीस जण म्हणजे शाळेतले सोबती, दोन मेव्हणे, कचेरीतले काही आणि नाही म्हणता न आलेले इतर. जामसंड्याला असलेला माझा एक वर्गमित्र दर रविवारी अंगठा पाठवायचा. मजकूर गेल्यावर चार सेकंदांत त्याचा अंगठा यायचा, म्हणजे न वाचताच, हे मलाही कळत होतं. फोंडाघाटला दुकान असलेला दुसरा एक मित्र तेवढा खरा वाचक. तो "छान" असं लिहायचा.

मेहनत मात्र मी कमी केली नाही. गंजलेली कुलपं उघडून, घासूनपुसून पुन्हा चालू करणारा परदेशातला एक म्हातारा मी शोधून काढला. तो व्हिडिओत एक शब्द बोलत नाही, नुसतं काम करतो. करकोच्याच्या घरट्यावर चोवीस तास लावलेला कॅमेरा सापडला. गाण्यांवर तर माझा जीव. कुठल्या गाण्यानंतर कुठलं यावं यासाठी मी दोन-दोन दिवस घालवायचो आणि त्या मालिकांना "भाताची कापणी होताना" अशी नावं द्यायचो. कापणीच्या दिवसांत मी कचेरीतून रजा घेतो ती शेतावर जायला लागू नये म्हणून गावापासून लांब जायला, ही गोष्ट वेगळी.

आणि लोक बोलायचे कशावर? कुरकुरीवर. एसटीच्या खिडकीची काच खाली जाते पण वर येत नाही, यावर अकरा उत्तरं. शेजाऱ्याचा पाण्याचा पंप नेमका बातम्यांच्या वेळी सुरू होतो, यावर चौदा. गाण्यांवर शून्य.

एका रविवारी माझ्या हातून चूक झाली. गाण्यांच्या जागी भलताच पत्ता चिकटवला गेला. तो दाबला की सिमेंटची जाहिरात उघडायची. मला हे बुधवारी कळलं, तेही माझं मलाच. एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. फोंडाघाटच्या मित्राने तर नेहमीप्रमाणे "छान" लिहिलं होतं.

त्याच रागात मी पुढच्या रविवारची कुरकुर जरा तिखट लिहिली. विषय होता बांगडे.

त्या शुक्रवारी मी कचेरीत जाताना बाजारात थांबून बांगडे घेतले होते. आमची मासेवाली मावशी ठरलेली. साठीच्या आसपासची, रोज सकाळी मालवणहून इतर बायकांबरोबर टेम्पोने कुडाळला येणारी, गेली पंधरा वर्षं आमच्या घरी मासे पुरवणारी. त्या दिवशी घरी बांगडे शिजले, पण खाववले नाहीत. मी लिहिलं : "मासेवाल्यांच्या जिभेवरचा मासा नेहमी ताजा असतो, पाटीतल्या माशाचं तसं नाही. आमच्या नेहमीच्या बाईने दिलेले बांगडे पाहून मला आमच्या शाळेतले निवृत्तीला आलेले मास्तर आठवले. डोळे लाल, अंग मऊ आणि वासावरून सेवाकाळ ओळखावा." वाक्य जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो आणि ते बायकोला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "बांगडे चांगले होते."

"मग बिघडले कसे?"

"तुम्ही सांगा. सकाळी नऊला घेतलेत. शुक्रवारी तुम्ही अर्धी रजा टाकली होतीत. घरी आलात अडीचला. तोवर स्कूटरच्या डिकीत होते ते."

खरं होतं. मी दीडलाच निघणार होतो, पण सातव्या जागी कुठलं गाणं घ्यावं हे ठरत नव्हतं म्हणून मी आणखी तासभर तिथेच बसून राहिलो होतो. बाहेर उन्हात स्कूटर तापत होती. पण इतकं जमलेलं वाक्य अशा किरकोळ कारणासाठी कोण काढून टाकतो? मी ते पाठवलं.

त्या आठवड्यात माझा मजकूर पहिल्यांदाच माझ्या सत्तावीस जणांच्या बाहेर गेला. ठाण्याच्या मेव्हण्याने तो पुढे ढकलला, तिथून तो कुणाच्या तरी नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि फिरत फिरत मालवणात एका सुनेच्या मोबाईलवर पोचला. कुडाळ ते मालवण पाऊण तासाचा रस्ता. माझं साहित्य ठाण्याला वळसा घालून गेलं तरी मंगळवारी सकाळी जागेवर होतं. ती सून आमच्या मावशीची होती. पंधरा वर्षं नेहमीच्या बाईकडून मासे घेणारा कचेरीतला माणूस कोण, हे ओळखायला मावशीला वेळ लागला नसणार.

बुधवारी मी बाजारात गेलो. पाटीपुढे चार-पाच गिऱ्हाइकं होती. मला बघून मावशीने कोयता खाली ठेवला.

"इलंस? ये. तुझीच वाट बघी होतंय." तिने कमरेचा मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "ह्यां तूच लिवलंस मा?"

मी हो-नाही असा काहीतरी आवाज काढला.

"सुनेन माका वाचून दाखवल्यान. पण ती भरभर वाचता. आता तू वाच."

"मावशे, गिऱ्हायका आसत. मगे वाचतंय."

"मगे कशाक? लिवताना सगळ्या जगाक सांगलंस, आता वाचताना लाजतंस?"

मी वाचलं. मासळीबाजारात उभं राहून, हातात रिकामी पिशवी धरून, माझंच वाक्य मी मोठ्याने वाचलं. मास्तरांच्या लाल डोळ्यांपाशी एक गिऱ्हाईक हसलं. लेखकाला वाचकाची प्रत्यक्ष दाद मिळण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग होता आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

वाचून झाल्यावर मावशीने शांतपणे विचारलं, "बांगडे माझ्याकडसून किती वाजता नेलंस?"

"नऊला."

"आणि घराक पोचलंस किती वाजता?"

गोंधळलो की मला मालवणी सुचत नाही, कचेरीतली मराठी येते. मी म्हणालो, "त्या दिवशी कार्यालयीन कामकाजामुळे साधारण अडीच..."

"मगे येवढो वेळ बांगडे काय करी होते? तुझ्या कचेरीत बसान फायली तपासी होते?"

सगळा बाजार हसला असं मला वाटलं. प्रत्यक्षात सातआठ जण असतील. मावशी मात्र हसली नव्हती. तिने कोयता उचलला आणि खाली बघत म्हणाली, "पंधरा वर्सां तुका मासे घातलंय. बर्फातलो मासो आसलो तर बर्फातलो म्हणान सांगान दिलंय. सुनेसमोर माझी मान खाली गेली रे बाबा."

हे मला लागलं. हसण्याने लागलं नव्हतं, ते याने लागलं. त्या दिवशी तिने मला मासे दिले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत.

पुढच्या रविवारी मी खरं काय ते लिहिलं. बांगडे ताजे होते, ते मी डिकीत नासवले, आणि दोष दुसऱ्यावर टाकला. नवल, खेळ, गाणी सगळं वगळून फक्त तेवढंच पाठवलं. जामसंड्याहून चार सेकंदांत अंगठा आला. फोंडाघाटचा "छान" म्हणाला. शिळे बांगडे ठाण्यावरून मालवणपर्यंत धावले होते. ताजे बांगडे माझ्या सत्तावीस जणांच्या बाहेर पडले नाहीत.

मग बाजारहाट बायकोकडे गेला. ती मावशीकडूनच मासे आणायची, मी न विचारता खायचो. महिन्याभराने बायको म्हणाली, "मावशीचं नाव तुमच्या यादीत घाला. तिने सांगितलंय."

"कशाला?"

"म्हणाली, माझ्यावर आणखी काय लिवता ता माका पयला कळाक होया."

अशी अठ्ठाविसावी वाचक आली, पाळत ठेवायला. पहिल्या रविवारी तिच्याकडून काहीच उत्तर नव्हतं. सोमवारी सकाळी, म्हणजे ती टेम्पोत असण्याच्या वेळी, बोललेला निरोप आला. मागे इंजिनाचा आवाज होता.

"ऐकलंय तुझी गाणी. तिसरां बरां. चवथ्याक माका झोप इली, वाटेर चौक्यासून धामापूरापर्यंत डोळो लागलो. सहाव्यात तो पावो वाजयता मा, तेका शेवटाक दम कमी पडता. घाई करता मेलो."

मी तो निरोप तीनदा ऐकला. मग सहावं गाणं लावलं. मी ते किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. शेवटच्या आलापात बासरीवाला खरंच घाई करत होता. दोन वर्षांत माझी सातही गाणी, मी लावलेल्या क्रमाने, शेवटपर्यंत ऐकणारं पहिलं माणूस मला मिळालं होतं, आणि ते तेच होतं ज्याला मी सत्तावीस जणांपुढे शिळं ठरवलं होतं.

त्यानंतर सोमवारच्या निरोपाची मी वाट बघू लागलो. कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा तिला आवडला ("बोलना नाय ता बरां"). करकोच्याच्या घरट्याबद्दल तिचं मत होतं की पिल्लांना खायला घालण्यात नराची कुचराई दिसते. खेळ तिला आधी पोरकट वाटला. सारखे आकडे एकमेकांवर सरकवत मोठा आकडा करायचा, एवढाच तो. मी आठ महिन्यांत जिथवर पोचलो होतो त्याच्या दुप्पट आकडा तिने पंधरा दिवसांत केला आणि मोबाईल धरून माझ्या बायकोला दाखवला. मला दाखवला नाही, पण तो मला कळेल याची व्यवस्था केली.

मी बाजारात पुन्हा जाऊ लागलो. मासा मात्र ती निवडायची. मला हात लावायची परवानगी नव्हती. एकदा मी म्हटलं, "मावशे, तुझीय काय कुरकुर आसली तर सांग. घालतंय." ती म्हणाली, विचार करते. रविवारच्या आधी निरोप आला, आणि मी तो जसाच्या तसा पाठवला :

"गिऱ्हाईक येता. बांगड्याचो गलफडो उघडून बघता, डोळो दाबता, पोट दाबता, शेपटी धरून उचलता. माका लग्नाच्या येळाक बघूक इल्ले, तेंनी पण येवढां बघूक नाय. आणि सगळां बघून झाल्यार इचारता, आज शनिवार मा? मगे नको."

चौदा उत्तरांचा माझा विक्रम दुपारपर्यंत मोडला. जामसंड्याच्या मित्राने अंगठ्याऐवजी चक्क वाक्य लिहिलं : "ही बाई कोण?" फोंडाघाटच्याने "छान छान" लिहिलं. पुढल्या आठवड्यात लोकांनी सरळ विचारलं की मावशीचं काय आहे. महिन्याभरात मला एका लग्नात जेवणाच्या रांगेत कुणीतरी थांबवून म्हणालं, "तो मासेवालीचो मेसेज तुमच्याचकडना येता मा? ती गाणी नि काय काय मदी घालतात ती नको हो, खाली सरकवूचा लागता."

मी हसून सोलकढी घेतली. दुसरं काय करणार?

मग जे व्हायचं ते झालं. सुनेने मावशीचा वेगळा ग्रुप काढला. त्यात सकाळी आज कुठला मासा आहे ते कळतं आणि खाली तिच्या आवाजात एक कुरकुर असते. त्यात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आहेत. मीही आहे. तिथे फक्त मावशी बोलते, बाकीच्यांनी ऐकायचं. मी एकदा एक गाणं पाठवायचा प्रयत्न केला तर ते गेलंच नाही. माझ्या यादीतले पुष्कळ जण तिकडे गेले आणि इकडून हळूच बाहेर पडले. जामसंड्याचा अंगठाही कमी झाला. मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

यंदा पावसाळ्यात मासेमारी बंद असताना दोन रविवार मी काही पाठवलं नाही. कारण विचाराल तर कंटाळा. दुसऱ्या सोमवारी मावशीचा फोन आला, निरोप नव्हे, फोन.

"बरां आसा मा? दोन आयतवार गेले, तुझां काय इलां नाय."

"कोण वाचता मावशे?"

"मिया ऐकतंय ना. घराक बसान आसंय, मासे नाय, काय नाय. सुनेचां नि माझां दोन दिवस बोलणां नाय. ती म्हणता, तुमची कुरकुर आता लय झाली. काय तरी बरां धाड. कुरकुर नको."

मी तिला कारण विचारलं नाही. संध्याकाळी चहा घेऊन बसलो आणि शोधत राहिलो. शेवटी एका बेटावरच्या दोन बायका सापडल्या, सासू-सुना असाव्यात, भाषा कळली नाही. ओट्यावर बसून दोघी मिळून मोठं जाळं विणत होत्या, एकीचा धागा संपला की दुसरी न बघता पुढे करत होती. अकरा मिनिटं. बरोबर एकच गाणं जोडलं, ज्यात बासरीवाल्याला दम होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते मावशीच्या मोबाईलवरून, पण प्रमाण मराठीत टाइप केलेलं. लिहिलं होतं : "आई आणि मी दोघींनी पाहिलं. आई म्हणतात त्यांची गाठ चुकते आहे, मी म्हणते बरोबर आहे. आमचा वाद चालू आहे. असं आणखी असेल तर पाठवा."