रवंथ मोजणारे काका

पालकसभेच्या दिवशी मी रिकाम्या वर्गात डबा खात होतो. दारात एक गृहस्थ मुलीचा हात धरून उभे होते. त्यांची नजर माझ्या जबड्यावर होती आणि ओठ हलत होते. माझा घास घशाखाली उतरला तसे ते म्हणाले, "बावीस. सर, जरा घाईच झाली."

"बाबा, ते सर आहेत, गाय नाही," मुलगी पुटपुटली.

त्यांची नोकरीच ती होती. विद्यापीठाच्या गोठ्यात गायीचं रवंथ मोजायचं. गाय पोटातला घास तोंडात आणून पुन्हा चावते. किती वेळा चावते, ते स्टुलावर बसून वहीत लिहायचं. पन्नासच्या वर म्हणजे चारा मानवला. आकडा चाळीसच्या आसपास आला की पोटाची कुरकुर. देशभरच्या गोठ्यांना चाऱ्याचे सल्ले जात, ते याच आकड्यांवर. सव्वीस वर्षं.

"देशाच्या गायी माझ्या बोटांवर चालतात," ते घरी म्हणायचे.

"आणि घर माझ्या," बायको आतून म्हणायची.

पुढे गायींच्या गळ्यात मोजणी यंत्राचे पट्टे आले. नव्या चाऱ्याची चाचणी चालू होती. यंत्र म्हणालं बासष्ट, यांची वही म्हणाली एकेचाळीस. आठवड्याभरात अहवाल सरकारकडे जायचा होता आणि मग तो चारा देशभरच्या गायींपुढे पडायचा होता.

संशोधन प्रमुख बाई वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान, बोलायला गोड. "काका, वय झालं की मोजण्यात चूक होतेच. वहीवर 'ग्राह्य नाही' लिहून सही करा."

सही केली असती तर सव्वीस वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या असत्या.

"बाई, चष्मा मला वाचायला लागतो. गाय बिनचष्म्याची दिसते. एक दिवस शेजारी बसा, मग म्हणाल तिथे सही करतो."

बाई बसल्या. दुसऱ्या स्टुलाला एक पाय कमी होता, म्हणून बादलीवर बसल्या. दोघांची मोजणी जुळत होती: चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस. एवढ्यात गायीने चावता चावता गळ्यातल्या पट्ट्यासकट खांबाला मान घासायला सुरुवात केली. तोंड संथच होतं, यंत्राच्या पडद्यावरचा आकडा मात्र पळत सुटला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग गायीकडे.

"ही तर खाजवतेय."

"नव्या चाऱ्याने खाज सुटलीय. मी पहिल्या दिवशीच पाहिलं. पण वहीत खाजेचा रकाना नाही, लिहू कुठे?"

अहवाल थांबला. त्या खाजेवर बाईंचा शोधनिबंध मात्र चांगलाच गाजला.

"तुमचं नाव आलं का हो त्यात?" मी विचारलं.

"शेवटी आभार आहेत, सर. आधी गायीचा क्रमांक, मग माझा हुद्दा. बरोबरच आहे, खाज तिला सुटली होती."

सध्या ते त्याच स्टुलावर बसतात. हुद्दा 'यंत्र मदतनीस' असा आहे, आणि वहीत खाजेचा रकाना आहे.