खा, पण पेरू नका

कौसल्याच्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि का जाऊ नये? अठ्ठ्याहत्तर सालचं नवरात्र. चौथ्या माळेलाही घटातला गहू उगवला नाही, तशी सासूनं, जिजाबाईनं, आरतीला जमलेल्या नंदनवन वस्तीतल्या सात-आठ बायांसमोर सरळ तिच्यावर बोट ठेवलं. "इनंच विटाळ केला असन. बाहेरची असताना घटाले हात लावला इनं."

"देवीशप्पथ आत्याबाई, मी बाहेरची झालीच नाही या दिवसांत!"

"मग गहू काय आपल्या मनानं मेला काय वं?"

बाया पदर सावरत, एकमेकींकडे बघत निघून गेल्या. आणि नवरा? धान्याच्या प्रयोगशाळेत चपराशी असलेला रविंद्र पाटावर बसून मुकाट्यानं पोळी गिळत होता.

कौसल्या कुहीकडची, धानाच्या गावातली. शाळा चौथीपर्यंत. पण पन्नास दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती फुटतात ते पाहिल्याशिवाय तिच्या बापानं कधी पेरणी केली नव्हती. तिनंही तेच केलं. एका ओल्या फडक्यात घरच्या पोत्यातला गहू बांधला, दुसऱ्यात शेजारच्या देवकीकडून मागून आणलेला. तिसऱ्या दिवशी देवकीच्या गव्हाला पांढरे लुसलुशीत कोंब! घरचा गहू नुसता फुगला होता. दोन-चार दाण्यांना टोक फुटलं, ते तिथंच काळं पडलं.

दोन्ही फडकी तिनं रविंद्रच्या पुढ्यात आपटली. "हे पोतं कुठून आणलं जी तुमी?"

तो फडक्यांकडे बघत म्हणाला, "लॅबमधून. किरणं मारलेला गहू आहे, किडा लागत नाही. चाचण्या झाल्यावर उरलेला साहेबानं आमाले वाटला. खा म्हणे, पण पेरू नका."

"मग घरात काहून नाही सांगितलं?"

"आईनं फेकून देला असता ना."

"अन् आत्याबाई मले बोलल्या तवा?"

तो फडक्यातले दाणे चिवडत बसला. अरे, नवरा आहेस की मांडवाचा खांब!

त्यात तीन वर्षांची लेक सुमती महिनाभर तोच गहू खात होती. सकाळी कौसल्या थेट लॅबमध्ये साहेबासमोर जाऊन उभी राहिली. साहेब भला माणूस, त्यानं बसवून समजावलं. किरणं दाण्यात उरत नाहीत. अळी मरते, कोंब मरतो, इतकंच. भाजलेला गहू तरी कुठं उगवतो? पण आपण खातोच ना! "माझ्या घरी हाच गहू आहे, बाई." तिला पटलं. राग मात्र दुप्पट झाला. गहू चांगला, तीही चांगली, आणि तिच्या तोंडाला काळं फासलं गेलं ते हा माणूस गप्प बसला म्हणून!

दसऱ्याच्या संध्याकाळी त्याच बाया सोनं द्यायला आल्या. कौसल्या दारात आडवी उभी राहिली. "थांबा जरा. यायले, सुमतीच्या बापाले, काही सांगाचं आहे."

रविंद्र पुटपुटला, "गहू उगवणारच नव्हता. मले मालूम होतं. कौसल्याची काही चूक नाही."

"जाऊ दे न वं आता, सणासुदीचं," जिजाबाई मध्ये पडली.

"नाही जाऊ देत. जोरानं सांगा जी! आत्याबाई बोलल्या, ते शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं होतं."

मान खाली घालून रविंद्रनं पहिल्यापासून सारं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.