कौलाच्या वेळी वाजलेला जपानी फोन

जपानमध्ये विकलेल्या फोनने चोरून फोटो काढता येत नाही, ही माहिती राजापूर तालुक्यातल्या आमच्या ग्रामदेवतेला माझ्यामुळे मिळाली.

फोन मूळचा अमेरिकन. नोकरी केली जपानमध्ये. आणि निवृत्तीनंतर स्थायिक झाला रत्नागिरीत, माझ्या खिशात. माझा मेहुणा मिलिंद नागोयाला इंजिनिअर आहे. मे महिन्यात तो आंबे खायला आला, तेव्हा त्याने स्वतःचा जुना फोन मला दिला आणि सोबत तासभर व्याख्यानही दिलं. (फोन वापरलेला होता, व्याख्यान कोरं होतं.)

"भावजी, हा फोन पहिल्यांदा तिकडे आला ना, तेव्हा जपानी लोक हसले होते. त्यांच्या घडीच्या फोनवर टीव्ही दिसायचा, दुकानात पैसे देता यायचे. आणि याच्यात? शोभेचा गोंडा अडकवायला भोकसुद्धा नाही!"

"मग?"

"मग काय! आता आमच्या ऑफिसात निम्म्यांच्या हातात हाच."

"म्हणजे घरचं चांगलं टाकून परक्याचं घेतलं," मी म्हटलं. असले निर्णय मला कागदावर मांडूनही पटत नाहीत.

"घेतलं, पण अटीवर," मिलिंद म्हणाला. "फोटो काढताना आवाज झालाच पाहिजे. कोणी कुणाचे चोरून फोटो काढू नयेत म्हणून. सायलेंट करा, काही करा, वाजणार म्हणजे वाजणार."

मला ही अट फार आवडली. सरळ माणसाला सरळ फोन! मी आयुष्यात चोरून फोटो काढला नव्हता आणि यापुढे काढण्याची शक्यताही शून्य होती. (मिरजोळ्याच्या काजू कारखान्यात मी हिशेब बघतो. माझे अंदाज चुकत नाहीत अशी तिथे माझी ख्याती आहे. ख्याती मीच पसरवली आहे.)

आवाज मात्र साधा नव्हता. अडकित्त्यात सुपारी धरून एकाच दणक्यात फोडावी तसा, "खच्च्याक!" मासळी बाजारात मी एका पापलेटचा फोटो काढला. घ्यायचं की नाही, हे बायकोला विचारायचं होतं. आवाजासरशी अख्खी रांग माझ्याकडे वळली.

"फोटो काढलास ना?" मासेवाली म्हणाली. "मग आता फोटोच तळ नि खा!"

पुढचा शोध आणखी मोलाचा. स्क्रीनवर दिसतंय त्याचा फोटो घेतला तरी हा फोन तसाच ओरडतो. बायकोने, म्हणजे वसुधाने, माहेरच्या ग्रुपवर (त्यात मीही आहे) माझ्या स्वयंपाकाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. मी शेजारीच चहा पीत बसलो होतो. पुरावा असावा म्हणून मी त्या ओळी टिपल्या. खच्च्याक!

"कुणाला पाठवताय?" तिने मान वर न करता विचारलं.

इथवर नुकसान माझ्यापुरतं होतं. मग आमच्या लेकीचं, गार्गीचं लग्न निघालं.

गार्गी पुण्यात नोकरी करते. तिने तिथलाच सहकारी पसंत केला. मुलगा नागपूरचा, सज्जन, माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करणारा. मला आणि वसुधाला पसंत. पण आमच्या घरात लग्न ठरतं ते अप्पाकाकांनी मान हलवल्यावर. अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आता भावकीत तेच सगळ्यांत मोठे. गावी असतात. मी फोन करून स्थळ सांगितलं.

"नागपूर?" काका म्हणाले. "रे, तिथून समुद्र किती लांब?"

"काका, मुलाला समुद्राशी काय करायचंय?"

"तेच म्हणतोय मी! ज्याला समुद्राशी काय करायचं नाही, त्याला पोर द्यायची?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण मी कोण ठरवणार? कौल लावू. देव सांगेल तसं."

इकडे गार्गीने सांगून टाकलं, "बाबा, दर मे महिन्यात मी त्यांच्याकडे राहिले. पोहायला त्यांनी शिकवलं मला. अप्पाआजोबा मनापासून आले नाहीत, तर मी मांडवात उभी राहणार नाही." म्हणजे पोरीचं लग्न देवाच्या हातात, आणि देवाचं मत अप्पाकाकांच्या डोळ्यांपुढे!

कौल कसा लावतात ते सांगतो. गुरव फुलाच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या पाषाणाला चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पद्धत सोपी आहे. अडचण नंतर येते. विहिरीच्या वाटेचा कौल लावला होता, तेव्हा कुठली कळी पडली याबद्दल भावकीत आजही दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांना ती स्वतःच्या डोळ्यांनी पडताना दिसली होती. म्हणून माझ्यासारख्या काटेकोर माणसाने ठरवलं, की या वेळी पुरावा ठेवायचा. एक फोटो. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई आहे, हे मला माहीत होतं. पण मनाई बेशिस्त लोकांसाठी असते, अशी माझी समजूत होती.

राहिला आवाज. फोनच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आवाज तिथून येतो. मी ती नीट मोजली, त्यांच्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली, वर आणखी एक लावली.

"फोनला लागलंय का?" वसुधाने गाडीत विचारलं.

"खबरदारी आहे," मी म्हटलं.

देवळात आम्ही तिघं आणि बाबू गुरव. बाबूने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, सगळं विचारून झालं, आणि शांतता पसरली. कौलाच्या वेळची शांतता वेगळी असते. माशीसुद्धा बाहेर जाऊन बसते. अप्पाकाका डोळे मिटून उभे. मी खांबाच्या आडून पाहत होतो. उजवी कळी सैल झाली! जराशी सरकली! आता पडणार! मी फोन छातीशी धरून बटण दाबलं.

खच्च्याक!!

आवाज वरून आला. कानाला लावायची बाजू असते ना, तिथून. फोनला आवाज काढायच्या दोन जागा होत्या आणि मी हिशेब एकीचाच केला होता! दगडी गाभाऱ्याने तो आवाज घुमवून दुप्पट केला. बाबू दचकला. त्याचं कोपर तांब्याला लागलं, तांब्या पाषाणावर आदळला, पाणी उडालं, आणि डावी कळी टपकन खाली आली.

अप्पाकाकांनी डोळे उघडले. "डावा! झालं. देव नाही म्हणतो."

"देव नव्हे काका, यांचा फोन नाही म्हणाला!" वसुधा कडाडली.

"अगो, आवाजसुद्धा देवाच्याच मर्जीने झाला ना?"

"तो आवाज जपानवाल्यांच्या मर्जीने होतो!"

"फोटोत बघू," मी मध्ये पडलो. "आवाज झाला तेव्हा उजवी निम्मी सुटलेली होती. क्रिकेटमध्ये नाही का थर्ड अंपायर..."

चौघांनी फोनवर डोकी जुळवली. फोटोत डावीकडून उजवीकडे एक मोठा गुलाबी डोंगर पसरला होता.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"माझा अंगठा."

"आणि देवी कुठाय?"

"मागे असेल."

तेवढ्यात गार्गीचा फोन आला. "बाबा, काय झालं? उजवा ना?"

"चालू आहे अजून," मी म्हटलं.

"तुमचा आवाज असा का येतोय?"

चिकटपट्टी मी काढली नव्हती, आणि बोलायची भोकंही तिच्याखालीच होती. पण काढली असती तरी आवाज तसाच आला असता.

शेवटी बाबू गुरव उठला. "अप्पानू, ह्यो कौल मोडला. ह्यो धरायचा नाय. परत लावू. पन आधी ज्यानं मोडला त्याचं गाऱ्हानं घालाया होवं."

माझा फोन बाहेर गाडीत रवाना झाला. मला हातात नारळ देऊन देवीपुढे मधोमध उभं केलं. बाबूने नव्या कळ्या लावल्या आणि खड्या आवाजात सुरुवात केली. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी रुकार द्यायचा असतो, हे ठाऊक असूनही पुढचं मला सुचलं नव्हतं.

"बा देवी म्हाराजा! आज ह्यो सुधीर तुज्या पायाशी आलाय!"

"व्हय म्हाराजा!" वसुधा आणि काका.

"ह्यानं तुज्या गाभाऱ्यात परदेशी वस्तू आनून तुजा कौल मोडला!"

"व्हय म्हाराजा!"

"हिशेबात हुशार हाय, पन बाकी आक्कल जरा कमीच हाय!"

"व्हय म्हाराजा!!" या वेळी वसुधाचा आवाज असा लागला, की बाहेर कुत्रा भुंकला. आणि त्याच क्षणी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उजवी कळी अलगद सुटून खाली आली.

"उजवा!" अप्पाकाका ओरडले. "होय म्हटलंन! रे, देवीने होय म्हटलंन!" त्यांनी मला मिठी मारली. वसुधाने डोळ्यांना पदर लावला. बाबूने घंटा वाजवली. इतका आनंदाचा प्रसंग, आणि मला गप्प बसवेना. काटेकोरपणा रक्तात असतो.

"पण काका," मी म्हटलं, "लग्नाचा प्रश्न अजून विचारलाच नव्हता. कळी पडली तेव्हा विषय माझ्या अकलेचा चालू होता."

घंटा थांबली. वसुधाने माझ्याकडे पाहिलं. मासळी बाजारातल्या रांगेने पाहिलं होतं ते याच्यापुढे मायेचं होतं!

अप्पाकाकांनी ती कळी उचलून तळहातावर घेतली. पोरीचं लग्न पुन्हा टांगणीला लागलं होतं आणि तेही तिच्या बापाने, नियमाप्रमाणे, स्वतःच्या तोंडाने टांगलं होतं.

"बाबू," काका म्हणाले, "परत कौल नको. पोरीचा बाप असा आहे, हे देवीला पटलं ना? मग पोरीला शहाणं माणूस असलेलं दुसरं घर मिळू नये असं देवी कशाला म्हणेल? नागपूर तर नागपूर. मी येतो लग्नाला. चल, पुरं कर गाऱ्हाणं."

या युक्तिवादात मी चूक शोधली. सापडली नाही.

बाबूने हात जोडले. "तर बा देवी म्हाराजा, बापाला आक्कल नाय, म्हनून पोरीचं भलं कर!"

"व्हय म्हाराजा!"

लेकीच्या सुखाचा प्रश्न होता. मीही म्हटलं. पण अप्पाकाकांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणून घेतलं.