भिंगरीची तिसरी मोटर

भिंगरीने माझ्या काउंटरवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आपटलं, तेव्हा फडकं सोडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं. स्कूटरची सेल्फ मोटर. बटन दाबलं की इंजिनाला पहिला धक्का देते ती. वर्षभरातली तिसरी.

"ताई, तुमचा माल भिकार आहे," तो म्हणाला. "ही बदलून द्या. पुढची पण गेली तर मी नाक्यावरच्या दुकानात जाईन. मग म्हणू नका."

माझा पाराच चढला. सुट्या भागांचं हे दुकान माझ्या सासऱ्यांनी उभं केलं, आणि त्यांनी लावलेली एक शिस्त मी आजवर मोडलेली नाही. कुठलीही सेल्फ मोटर गिऱ्हाइकासमोर बॅटरीला लावून फिरवून दाखवल्याशिवाय या काउंटरवरून हलत नाही. ही मोटरही त्याच्याच नाकासमोर फिरवून दिली होती. ते मी त्याला सुनावलं, पण तोवर स्वारी दारातून बाहेर पडलीसुद्धा. जुनी मोटर माझ्यापुढे पडून राहिली.

भिंगरी हे त्याचं नाव नव्हे. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज, आणि पायाला कायम भिंगरी, म्हणून सगळे त्याला मागून भिंगरी म्हणतात. तोंडावर मिस्त्री. एकोणीस वर्षांत तो माझ्या दुकानातल्या स्टुलावर एकदाही टेकला नाही. वायसर मागायला आला तरी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या. हातात एखादा नट असायचा, तो वर उडवायचा आणि झेलायचा. तोंडाचा पट्टा तर चालूच. त्याच्याशी बोलायला गेलेला माणूस ऐकूनच परत यायचा.

पण त्याचा कान. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की हा आतून सांगायचा, व्हॉल्व्ह सैल झालाय, नाहीतर बेल्ट घसरतोय. गाडी उघडायच्या आधी सांगायचा आणि उघडल्यावर तेच निघायचं. मोठ्या वर्कशॉपात कॉम्प्युटर लावून हात टेकले की ती माणसंही गाडी गुपचूप त्याच्याकडे ढकलत आणायची. गॅरेजवर साधी पाटी नाही. त्याचं सगळं दुकान त्या दोन कानांत होतं.

तो गेल्यावर मी वर्तमानपत्र पसरलं आणि मोटर उघडली. दोन लांब स्क्रू काढले की टोपण सुटतं. आत दोन छोटे कार्बन असतात, ते फिरत्या तांब्यावर घासत वीज पोचवतात. वर्षानुवर्षं टिकायला हवेत असे ते कार्बन चार महिन्यांत नखाएवढे उरले होते. तांबं निळं-काळं पडलं होतं. नाकाजवळ नेलं तर जळकट वास.

माल वाईट नव्हता. मोटर फिरवून फिरवून मारलेली होती. सेल्फचं काम दोन-तीन सेकंदांचं. इंजिनाने पकडलं की बोट उचलायचं, नाहीतर ती बिचारी चालत्या इंजिनाबरोबर उगाच फरफटते. हे मी कुणाकडून शिकले? भिंगरीकडूनच. बटन दाबून धरणाऱ्या गिऱ्हाइकांना तो असा काही झापायचा की ती महिनाभर गॅरेजच्या वाटेला जायची नाहीत. त्याची गाडी दुसरं कुणी चालवतही नव्हतं. उजवा गुडघा दुखावल्यापासून किक बंद, म्हणून सेल्फवरच भिस्त, एवढंच.

मी खोक्यातून नवी मोटर काढली, दुकान शेजारच्या शिंप्यावर सोपवलं आणि भांडायच्या तयारीने त्याच्या गॅरेजवर गेले. म्हटलं, माझ्यासमोर बसवा, माझ्यासमोर चालवा, मग कुणाचा माल भिकार ते ठरवू.

त्याला तेच हवं होतं. पाना हातात आला की त्याची बडबड आणि हात दोन्ही सुटतात. आधी बॅटरीची वायर काढायची, नाहीतर ठिणगी खाल. मोटरला दोष देण्याआधी बॅटरी बघायची. मोटर जिथे टेकते ती जागा पॉलिश पेपरने घासायची, कारण परतीची वीज तिथूनच जाते आणि लोक तिथला गंज तसाच ठेवतात. रबरी रिंगला तेलाचं एक बोट. मोटर हाताने सरकवायची, हातोडी मारणाऱ्याचे हात तोडायचे. सगळं मला पाठ होतं, तरी मी ऐकत उभी राहिले. हात इतके स्वच्छ चालत होते की माझा निम्मा राग तिथेच उतरला.

मग त्याने ब्रेक धरून बटन दाबलं. इंजिन पहिल्याच धक्क्याला चालू झालं. तो बोलत होता, नाक्यावरच्या दुकानातला माल कसा चांगला असतो ते. बोट बटनावर. आतून कर्रर्र असा आवाज सुटला, दात खाल्ल्यासारखा. बोट तिथेच. मी अंग चोरून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

तो आरशाकडे बघत होता. हँडलवरच्या आरशात मागच्या घराची खिडकी दिसत होती. इंजिनाच्या थरथरीने तिच्या कडा पुसट झाल्या, तेव्हा कुठे त्याने बोट उचललं.

"बघितलंत?" तो म्हणाला. "आता ही टिकते का बघू."

मी काहीतरी पुटपुटले आणि तिथून निघाले.

दुपारभर मी एका जागी बसले नाही. एकाने प्लग मागितला तर फ्यूज दिला. फळीवरची खोकी उतरवली, परत तशीच चढवली. दोन वर्षांतलं एकेक आठवत होतं. पूर्वी फक्त बेअरिंगसाठी तो लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचा. हल्ली प्रत्येक गाडीला लावत होता. आम्हाला वाटलं, वय झालं तशी ऐट वाढली. बोलणाऱ्याभोवती फिरून तो पुढ्यात यायचा ते भिंगरीमुळे नव्हे, तोंड दिसावं म्हणून. आणि ती न थांबणारी बडबड? जो सतत बोलतो त्याला कुणी काही विचारत नाही. गेल्याच महिन्यात एका पेपरवाल्याचं इंजिन त्याने आख्खं उघडलं आणि काही न सापडता बंद केलं. तेव्हा मी हसले होते. ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

गप्प बसावं, असं मनात येऊन गेलं. मोटरमागून मोटर देत राहावं. पण पुढच्या वेळी त्याने न ऐकलेली गोष्ट कुणाच्या तरी चाकातली असती.

चारच्या सुमाराला तो क्लचची केबल न्यायला आला. फेऱ्या सुरू, नट वर-खाली. मी काउंटरच्या बाहेर आले, त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "मिस्त्री, सेल्फ मारायच्या आधी हेडलाइटचं बटन चालू ठेवत जा. तुमच्या जुन्या गाडीचा दिवा इंजिन चालू झाल्याशिवाय पेटत नाही. समोर उजेड पडला की बोट उचलायचं. आरशावर जाऊ नका."

नट त्याच्या मुठीत राहिला. एकोणीस वर्षांत मी त्या माणसाला निश्चल असा पहिल्यांदा पाहिला, आणि मला भीती वाटली. मग तो स्टुलावर बसला.

"कधी कळलं?"

"आज सकाळी."

"आणखी कुणाला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"माझ्या गाडीचं दिव्यावर भागेल, ताई. लोकांच्या गाड्यांचं काय करू?"

डॉक्टर, कानाचं मशीन, असं मी सुचवलं. मशीनचं त्याने आधीच करून पाहिलं होतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं मशीन हळूच लावून बघितलं, तर पाना फरशीवर पडला आणि डोक्यात घण बसला. त्यातून इंजिन कसलं ऐकू येणार, म्हणाला. मग मी बायकोचं विचारलं.

"तिला नाही सांगितलं," तो खाली बघत म्हणाला. "ती मागून हाक मारते, मी वळत नाही. तिला वाटतं मी रागावलोय. दोन वर्षं झाली. रागावलेला नवरा बरा, ताई. कामातून गेलेला कुणाला हवा?"

मला रडू आलं आणि संतापही आला, आणि माझ्या बाबतीत संताप नेहमी आधी बाहेर पडतो. मी त्याला सांगितलं की आता आणखी मोटर या दुकानातून मिळणार नाही, नाक्यावरच्यालाही फोन करून ठेवते, आधी घरी जाऊन बायकोला सांगा. तो उठून गेला. केबल काउंटरवरच राहिली.

पुढचे चार दिवस गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. कुठलीही स्कूटर गल्लीत वळली की मी दारात. घरात मुलगी म्हणाली, आई, तुलाच आता भिंगरी लागलीय. मी माणूस दुरुस्त करायला गेले की मोडून ठेवला, हे मला कळेना. पाचव्या दिवशी मी त्याच्याकडे जायला निघालेच होते, तर त्याची गाडी दाराशी उभी राहिली. मागे त्याची बायको. तो गाडीवरच बसून राहिला, तोंड समोर, हँडलची मूठ उगाच पिळत. ती एकटी आत आली.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय, तिने सांगितलं. चार दिवस ते घरात एकेक हत्यार पुसत बसलेत, धड जेवण नाही. गॅरेजचं काय ते अजून ठरत नाही. मग ती काउंटरवरची केबल उचलून तिचं वेटोळं घालत राहिली.

"ते पाठमोरे असताना मी दोन वर्षं वाटेल ते बोलले, ताई. मला वाटायचं, सगळं ऐकतात आणि दगडासारखे बसतात." ती थांबली. "त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत गेलेलं नाही. बरं झालं म्हणायचं. पण मी एकदा माफी पण मागितली होती. काय चुकलं ते माहीत नव्हतं, तरी मागितली. ते गाडी पुसत होते. मी मागे उभी राहून बोलले आणि ते वळलेसुद्धा नाहीत."

मी विचारलं, मग सांगितलं का त्यांना हे?

"अजून नाही. आज सांगणार. समोर बसवून."

ती बाहेर गेली आणि मागच्या सीटवर बसली. भिंगरीने बटन दाबलं. भर उन्हात माझ्या दुकानाच्या भिंतीवर पिवळा ठिपका उमटला, आणि त्याच क्षणी त्याने बोट उचललं. कुठे काही करकरलं नाही. मग त्याने मान वळवली, पार मागेपर्यंत, आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबला.

"चला," ती म्हणाली.