सिंकपाशी दोघींपुरती जागा

मावशी खरं तर माझी. माझ्या आईची सख्खी बहीण, आई गेल्यावर मला वाढवणारी. पण कॉलेजच्या फाटकासमोर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं प्रार्थनाघर आहे, तिथलं स्वयंपाकघर ती सांभाळायची, आणि दर वर्षी येणारी नवी पोरं पहिल्याच आठवड्यात तिला ‘मावशी’ म्हणायला लागायची. फुकटची भाचरं! मला ते कधीच सहन झालं नाही. आजही होत नाही.

तिची एक पद्धत होती. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना, मग सगळ्यांना सूप आणि पाव, आणि जेवणं उरकली की सिंकमध्ये ताटल्यांचा ढीग. एखादं पोर तोंड पाडून दारात घुटमळायला लागलं की मावशी ‘काय झालं?’ असं विचारायची नाही. त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. नुसतं एक कोरडं फडकं मागे धरायची. पोराने ते घ्यायचं, शेजारी उभं राहायचं आणि ती धुवेल ती ताटली पुसायची. दोघांची तोंडं भिंतीकडे. तिसऱ्या-चौथ्या ताटलीला पोर आपोआप बोलायला लागायचं. कुणी नापास झालेलं, कुणी घरच्यांशी भांडलेलं, कुणाचा देवावरचा विश्वासच उडालेला. “समोरासमोर बसवलं की माणूस शहाण्यासारखं बोलतं,” मावशी म्हणायची, “आणि शहाण्यासारखं बोललेलं काय कामाचं?” पाळकसाहेब बिचारे आतल्या खोलीत बायबल उघडून वाट बघत बसायचे आणि गर्दी इकडे.

घरी आली की मात्र पाय वर घेऊन खुर्चीत. मी काही सांगायला लागले की, “उद्या सांग गं, डोकं भणभणतंय.” तो उद्या काही उजाडायचा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

म्हणून तर मावशीच्या डोळ्यांत जळफळाट आला तेव्हा मी तो लगेच ओळखला. घरचीच चीज!

झालं असं की प्रार्थनाघर पुरेनासं झालं. पोरं जिन्यावर बसायची, बुटांच्या फळीवर बसायची, दोघे-तिघे तर खिडकीबाहेर उभे राहून गाणी म्हणायचे. शेवटी पाळकसाहेबांच्या मंडळाने शेजारच्या मोकळ्या जागेवर मोठी इमारत बांधायचं ठरवलं. आणि वाढत्या पोरांकडे बघायला एक नवीन बाई नेमली. तरुण, शिकलेली, गळा गोड. पोरं तिला ‘ताई’ म्हणायला लागली. पहिल्या दिवशी मावशी घरी आली आणि म्हणाली, “चांगली आहे. गोड बोलते. फारच गोड बोलते.” आमच्या घरात ही स्तुती नव्हे.

मग आर्किटेक्टचा नकाशा आला. मोठं सभागृह, वर अभ्यासिका, खाली स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात सिंकच्या जागी भांडी धुण्याचं मशीन. आणि त्याच्या भिंतीला लागून एक ‘शांत खोली’. तिथे समोरासमोर दोन मऊ खुर्च्या, मंद दिवा, कागदी रुमालांचा डबा. पोरांनी ताईंपाशी मन मोकळं करायचं ते तिथे.

“बघितलंस?” मावशी नकाशावर बोट आपटत म्हणाली. “माझं सिंक मशीनला दिलं आणि माझी पोरं तिला दिली. मी काय करायचं? बटणं दाबायची?”

“नव्याचे नऊ दिवस असतात गं,” मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. आपलं माणूस दुसऱ्याने पळवलं की कसं लागतं, ते जरा कळू दे तिलाही.

या मंडळींची एक रीत आहे. ज्या खोलीसाठी देवाकडे मागायचं, त्या खोलीतच उभं राहून मागायचं. आता इमारत तर बांधलेली नव्हती. म्हणून त्यांनी मोकळ्या जागेवर चुन्याची पांढरी फक्की मारून सगळा तळमजला खऱ्या मापाने आखला. भिंतींच्या रेघा, दारांच्या जागी फटी. रविवारी सगळ्यांनी एकेका खोलीत जाऊन प्रार्थना करायची, असं ठरलं.

शनिवारी दिवेलागणीला मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानातून निघत होते, तर मावशी दारात. “चल, जरा काम आहे.” आयुष्यात पहिल्यांदा ती मला तिच्या कामाला नेत होती. मी एका शब्दाने विचारलं नाही. त्या मोकळ्या जागेत मी दोरी धरली, तिने स्वयंपाकघराची रेघ पायाने पुसली आणि दोन हात पलीकडे सरकवून नवी मारली. शांत खोलीची पार बोळकांडी झाली.

“देव बघतोय,” मी म्हणाले.

“बघू दे. त्याला तरी कळेल किती अडचण होते.”

रविवारी सगळे जमले. मोठी माणसं, पण काय शिस्त! रेघ ओलांडून कुणी जाईना, सगळे फटींतूनच ये-जा करत होते. एक जाडा प्राध्यापक चुकून भिंतीतून गेला तर पोरं खो-खो हसली. सभागृहात प्रार्थना झाली, स्वयंपाकघरात झाली. शांत खोलीत मात्र खुर्च्या समोरासमोर ठेवायला गेले तर गुडघ्यावर गुडघा आपटायला लागला! ताई आणि पाळकसाहेब एकामागे एक उभे राहिले आणि तशीच प्रार्थना उरकली.

आर्किटेक्टने नकाशा काढला, टेप काढला आणि कपाळावर हात मारून घेतला. “साहेब, ही रेघच चुकलीय. आत्ता सरकवतो.”

पाळकसाहेबांनी त्याला हाताने थांबवलं. मग म्हणाले, “आता कशी सरकवणार? इथे उभं राहून आम्ही मागितलंय. त्याला एक जागा दाखवायची आणि बांधायची दुसरीच?”

हे फक्त हीच माणसं करू जाणोत. रेघ राहिली. मावशीचा चेहरा असा की नुकतंच दूध प्यालेलं मांजर.

मग चहा झाला. जुन्या स्वयंपाकघरात कपांचा डोंगर पडला होता आणि पोरं सगळी बाहेर. मावशीने मागे न बघता फडकं धरलं, आणि ते मी घेतलं. मी! दुसरा कप, तिसरा कप. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. दुकानात काचा घासणारा आहे, त्याने मला लग्नाचं विचारलं होतं, आणि मला हो म्हणायची भीती वाटत होती. चौथा कप हातात घेतला, तोंड उघडलं, तेवढ्यात ताई आत आली.

“मावशी, रेघ तुम्हीच सरकवलीत ना? तुमच्या चपलांना चुना लागलाय.”

मावशी कप घासत राहिली.

“रागवायला नाही आले मी,” ताई म्हणाली. “त्या खोलीत येणार तरी कोण होतं? मी हॉलमध्ये खुर्ची मांडून बसते. पोरं येतात, छान छान बोलतात, थँक्यू म्हणतात, आणि इथे येऊन रडतात. इथून जाताना मला त्यांची पाठ दिसते. मी जळते हो तुमच्यावर. देवाचं काम करायला आले आणि जळते.”

मावशीने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि न बघता ताईपुढे धरलं.

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार? ताई पुसायला लागली, बोलायला लागली, आणि माझा चौथा कप तिनेच पुसला.

घरी येताना मावशी हवेत होती. “ऐकलंस? ती जळते माझ्यावर!” जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं. पुढच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं की मागितलेली जागा तेवढीच राहू द्या, फक्त स्वयंपाकघर आणि शांत खोलीमधली भिंत काढाच, मशीन ठेवा कोपऱ्यात, आणि खिडकीखाली दोघांना उभं राहता येईल असं लांब सिंक द्या. “ताईला मी शिकवते,” म्हणाली. टाळ्या पडल्या. आर्किटेक्टने नकाशा बदलला. आणि इमारत होईपर्यंत सवय व्हावी म्हणून मावशीने शुक्रवारी जुन्या सिंकपाशी ताईला आपल्या जागी उभं केलं, आणि आपण सूप वाढायला बाहेर गेली.

एका शुक्रवारी ती फार लवकर घरी आली. मी रात्रीच्या जेवणाआधी दुपारच्या ताटल्या धुवत होते. ती खुर्चीत बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, चप्पलसुद्धा न काढता. मी वळून बघितलं नाही. नुसतं फडकं मागे धरलं.

मग ते तिने घेतलं.

पहिली ताटली. दुसरी. तिसरीला ती म्हणाली, “ती शेवटच्या वर्षाची पोरगी. पहिल्या वर्षापासून माझ्याकडे यायची. आज रडत आत आली. मी सूप वाढत होते, डाव तसाच ठेवून हात पुढे केला. तर ती माझ्या बाजूने सरळ आत गेली. सिंकपाशी. ताईकडे.” ती पुसत राहिली. “मीच दिली ना जागा. मग आता का असं होतंय मला? म्हातारपणी मेलं एवढं जळायला होतं होय?”

वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही थोडं. पण जास्त झाला तो आनंद. इतक्या वर्षांनी मावशी माझ्या वाट्याला आली होती, आणि तीसुद्धा दुसऱ्या कुणाला नकोशी झाली म्हणून. असू दे. मी उरलंसुरलं घेणारी.

ती बोलत होती आणि ढीग संपत आला. मी हळूच फडताळातल्या ताटल्या काढल्या आणि पाण्यात सोडल्या. दोन पुसून झाल्यावर मावशीने तिसरी उजेडात धरली.

“ही स्वच्छच होती की गं.”

“हो,” मी भिंतीकडे बघत म्हणाले. “माझं सांगायचं राहिलंय.”