पंधरा किलोमीटरचं वर्तुळ

प्रज्ञेश ओव्हाळ आणि मी तळेगावच्या एका कारखान्यात एकाच शिफ्टला. तो मेंटेनन्सला, मी स्टोअरला. तो लोणावळ्याहून लोकलनं यायचा आणि बहुतेक सोमवारी त्याच्या पँटीला कुसळं चिकटलेली असायची, कारण रविवारभर तो डोंगरात डब्या शोधत फिरलेला असायचा.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक छोटी डबी झाडाच्या ढोलीत किंवा दगडाखाली लपवतो आणि ती जागा नकाशावरच्या आकड्यांत वेबसाइटवर टाकतो. दुसरा मोबाइल घेऊन तिथं जातो, डबी शोधतो, आतल्या कागदावर नाव लिहितो आणि ती होती तशी ठेवून येतो. बक्षीस नसतं, पैसे नसतात. असते ती आकडेवारी. किती डब्या सापडल्या, घरापासून सगळ्यात लांबची कुठली, घराजवळची न सापडलेली कुठली, हे सगळं वेबसाइट मोजत बसते. त्यासाठी तुम्ही तिला आपलं घर नकाशावर दाखवून द्यायचं.

प्रज्ञेशचं घर लोणावळ्यात, भांगरवाडीत होतं. दोन खोल्या, भाड्याच्या. त्याचे वडील भिकाजी रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाले ते त्याच खोल्यांतून. त्या घराभोवतीच्या पंधरा किलोमीटरच्या वर्तुळात प्रज्ञेशनं एकही डबी सोडली नव्हती. भाजे, लोहगडाचा पायथा, राजमाचीची वाट, खंडाळ्याचे कडे. वर्तुळ पुरं व्हायला कित्येक वर्षं गेली होती. कुणी नवीन डबी लपवली की तो आठवड्याच्या आत ती शोधून काढायचा. कारखान्यात त्याला दोनदा प्रमोशन नाकारलं होतं, त्यावर तो कधी बोलला नाही. पण ते वर्तुळ तो मला जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर उघडून दाखवायचा.

मग मालकानं ती चाळ विकली. तिथं हॉटेल होणार होतं. प्रज्ञेशनं शिरगावला, साईबाबांच्या देवळापासून जरा आत, नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. कारखाना जवळ आला, बायकोला, चैतालीला, सोमाटण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सगळं सोयीचं झालं. फक्त भिकाजीआबांना ते मानवलं नाही. त्यांना आधीपासूनच विसर पडत होता; लोणावळ्यात तो फारसा जाणवत नव्हता, कारण तिथं पायांना सगळं पाठ होतं. शिरगावात ते संडास शोधत स्वयंपाकघरात जायचे. जिना उतरून खाली गेले की कुठला मजला ते कळायचं नाही. दिवसातून कितीदा तरी विचारायचे, "आपुन घरी कवा जायाचं?"

सामान लागल्यावर प्रज्ञेशनं वेबसाइटवर घर बदललं. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"सगळं गेलं," तो म्हणाला. "हे बघ."

नकाशावरचा घराचा बिंदू तिकडून इकडे आणल्याबरोबर वेबसाइटनं जुन्या सगळ्या डब्या नव्या घरापासून मोजल्या होत्या. राजमाची, खंडाळा वर्तुळाबाहेर पडले. उलट चिंचवड, निगडी, देहूरोडकडच्या न काढलेल्या ढीगभर डब्या आत आल्या. इतकी वर्षं भरलेलं वर्तुळ आता भोकाभोकांचं दिसत होतं. घरापासून सगळ्यात लांबची म्हणून जी डबी तो मिरवायचा, तिचंही अंतर कमी भरलं होतं.

"पुन्हा भरायला घे," मी सहज म्हणालो.

त्यानं ते फार मनावर घेतलं. शिफ्ट सुटली की तो गाडी काढायचा. सुट्टीच्या दिवशी पहाटेच बाहेर पडायचा. चैताली एकदा मला फोनवर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. आबांजवळ बसायला हे घरात नसतातच."

मी सांगितलं. तो म्हणाला, "जवळजवळच्या तेवढ्या होऊ देत."

डिसेंबरातला एक रविवार. प्रज्ञेशची आई, हिरामावशी, कामशेतला भावाकडे भाचीच्या सुपारीला गेल्या होत्या. चैतालीची ड्युटी होती. आबांना बघायला प्रज्ञेश घरी थांबणार असं ठरलं होतं. पण घोरावडेश्वराच्या डोंगरावर एक डबी राहिली होती. आबा जेवून झोपले होते. एवढ्यात जाऊन येऊ म्हणून तो गेला. कडी बाहेरून लावावी का, असा विचार त्याच्या मनात आला होता. पण आपल्या बापाला कोंडून कसं जायचं, म्हणून त्यानं दार नुसतं लोटलं. डबी एका कातळाच्या फटीत होती आणि पटकन सापडेना. तो परत आला तेव्हा दार सताड उघडं होतं आणि पलंगावर आबांचा स्वेटर पडला होता.

त्याचा फोन आला तेव्हा मी तळेगावातच होतो. लगेच गेलो. इमारतीतली माणसं, देवळाबाहेरचे फुलवाले, रिक्षावाले, सगळ्यांना विचारलं. पोलीस चौकीत हरवल्याची नोंद केली. संध्याकाळी हिरामावशी कामशेतहून परत आल्या. बाकावर पर्ससुद्धा न ठेवता म्हणाल्या, "ते घरी गेलं असत्याल."

"कुठल्या घरी, आई?"

"आपल्या. लोणावळ्याला."

"अगं, तीस किलोमीटर आहे! त्यांना जिना चढवत नाही."

"त्यांनी आख्खा जलम रूळ चालण्यात काढला, प्रज्ञ्या."

त्यानं भांगरवाडीत शेजारच्या कोंडाजीकाकांना फोन लावला. काका चाळीकडे जाऊन बघून आले. आबा तिथं नव्हते. त्यावर प्रज्ञेशनं तो विषय संपवला. असली माणसं घरापासून फार लांब जात नाहीत, जवळपासच कुठंतरी अडकून पडतात, असं त्यानं वाचलं होतं. त्यानं मोबाइलवर शिरगावच्या फ्लॅटभोवती वर्तुळ काढलं आणि त्याचे तुकडे पाडले: हा ओढा तू बघ, ही वीटभट्टी मी बघतो, पवनेचा काठ पोरांकडे. इतकी नेटकी शोधाशोध मी कधी पाहिली नव्हती. मलाही त्याचंच खरं वाटलं. सोमवारी दिवसभर आम्ही झुडपं, विहिरी, अर्धवट इमारती धुंडाळल्या. हिरामावशी खिडकीत बसून होत्या. मधे एकदा त्या मला म्हणाल्या, "तुमी तरी लायनीवर जाऊन या की वं, भाऊ." मी प्रज्ञेशकडे पाहिलं. तो म्हणाला, "उद्या जाऊ."

मंगळवारी सकाळी रेल्वे पोलिसांचा फोन आला. मळवलीच्या अलीकडे, रुळालगतच्या एका मोरीच्या कठड्याला टेकून एक म्हातारा बसलेला रूळ तपासत निघालेल्या चावीवाल्याला दिसला. त्यानं हाक मारली, ओ आली नाही म्हणून जवळ गेला. मोबाइलवरच्या फोटोवरून ओळख पटली.

आम्ही गेलो. आबांच्या अंगावर नुसता सदरा होता. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला टॉवेलची चिंधी बांधलेली, तीही रक्तानं कडक झालेली. अंगावर गाडीचा ओरखडा नव्हता. गाडी आली की बाजूला कसं व्हायचं, हे ते विसरले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीनं आणि थकव्यानं गेले. सोमवारी रात्री कधीतरी. म्हणजे सोमवारी आम्ही विहिरीत गळ टाकत होतो तेव्हा ते चालत होते.

पुढं कळलं, कान्हे स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं त्यांना पाहिलं होतं. त्यानं चहा पाजला. "कुटं निघालात आबा?" असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "ड्युटीवर. ड्युटी झाली की घरी." चहावाल्याला वाटलं, असेल कुणी रेल्वेचा जुना माणूस.

हिरामावशी रडल्या नाहीत. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा त्यांनी प्रज्ञेशला एकच विचारलं, "घावली का ती डबी?"

तो सतरंज्या गोळा करायला लागला. डबी सापडली होती. मला माहीत होतं, कारण रविवारी दुपारीच त्यानं ती वेबसाइटवर नोंदवली होती, डोंगरावरून उतरता उतरता.

जलदान विधीनंतर तो कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पुढं केला. मळवलीची ती मोरी त्यानं नकाशावर लावली होती. "भांगरवाडीपासून सात-आठ किलोमीटर," तो म्हणाला. "ओढ्यापलीकडच्या आंब्याखालची डबी मीच काढलेली. त्या मोरीवर बसून मी पाणी प्यालोय. तिथला दगडन् दगड मला ठाऊक होता, आणि मी शोधत बसलो शिरगावात."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, त्या वेबसाइटवर घर तारखेनुसारही ठेवता येतं म्हणे. जुन्या डब्या जुन्या घरापासून, नव्या नव्या घरापासून. वर्तुळ परत मिळेल.

"येतं ठेवता," तो म्हणाला. "घर बदललं त्याच दिवशी वाचलं होतं. तेव्हा वाटलं, ही पळवाट झाली."

मग त्यानं माझ्यासमोरच घराचा बिंदू काढून टाकला. अंतरांचे सगळे रकाने कोरे पडले. नुसता एकूण डब्यांचा आकडा उरला. पुढं त्यात भर पडली नाही.

हिरामावशी महिन्याभरात कामशेतला भावाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी चैतालीला जवळ घेतलं, प्रज्ञेशला म्हणाल्या, "पिशवी गाडीत ठीव." तेवढंच. तो दर रविवारी तिकडं जातो. त्या त्याच्याशी फारसं बोलत नाहीत. दुधाचं, औषधाचं सांगायचं असलं तरी चैतालीला फोन करतात.

गेल्या रविवारी मीही बरोबर गेलो होतो. त्यांनी आम्हा दोघांना ताटं वाढली, पिठलं आणि इंद्रायणीचा भात. "लाजू नगा, घ्या," असं मला म्हणाल्या. मग पातेलं घेऊन प्रज्ञेशपुढं आल्या, न विचारता त्याच्या ताटात भात घातला आणि आत निघून गेल्या. तो मान खाली घालून जेवत राहिला. ताट पुसून घेतलं त्यानं.