वेबसाईटवाली आधीबाई

मी एकदा एका चालू लॅपटॉपसमोर नारळ फोडला. समोर म्हणजे अगदी समोर, वीतभर अंतरावर. आणि लॅपटॉप माझा नव्हता. तेव्हा मी तरुण होते, जेमतेम बासष्ट वर्षांची, आणि त्या वयातल्या बायकांना आपल्याला सगळं कळतं असं वाटतं तसं मलाही वाटायचं. ज्या बाईचा तो लॅपटॉप होता, तिची ही गोष्ट आहे.

तिचं खरं नाव वृंदा. पण आमच्या घरात ती आधीबाईच. तिचं कुठलंही वाक्य ‘आधी’ने सुरू व्हायचं. ‘आधी हे सांगा.’ ‘आधी बसा तर खरं.’ इंदूरच्या विजय नगरला मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या वर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. लोकांच्या धंद्यांच्या वेबसाईट बनवून द्यायची. चाळिशीची, सावळी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. आणि पर्समध्ये जीरावन मसाल्याची डबी. इंदूरची माणसं पोह्यांवर जीरावन भुरभुरतात, ते ठीक आहे. ही बाई ते पेरूवर, काकडीवर, वरणभातावर आणि एकदा माझ्या डोळ्यांदेखत माझ्या चकलीवर भुरभुरत होती! मी चाळीस घरांत नावाजलेली चकलीवाली. मला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

पण आधी (बघा, मलाही लागली ती सवय) मी तिच्याकडे का गेले ते सांगते. हे गेल्यावर मी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये भाजणी, मेतकूट, चकली, अनारसे असं करून विकू लागले. मदतीला कमला, अर्धा दिवस. इंदुरातली मराठी घरं तर घ्यायचीच, पण शेजारच्या गुप्ताजींकडेही ‘आंटीजी की चकली’शिवाय दिवाळी होईना. माझा मुलगा अभय पुण्याला. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, “आई, हा काय धंदा आहे? टाईमपास आहे नुसता. दिवाळीपर्यंत कर आणि मग ये इकडे. फ्लॅट भाड्याने देऊ.” प्रेमानेच म्हणायचा. म्हणूनच उत्तर देता येईना. आईने मुलाला ‘मला तुझ्याकडे यायचं नाही’ असं कसं म्हणायचं? सुनेला, रश्मीला वाटणार, माझंच काहीतरी चुकलं. मग मी ठरवलं की बोलायचंच नाही, दाखवायचं. एक भलीमोठी वेबसाईट करायची. ती बघून अभय म्हणेल, अरे बाप रे, आईची तर कंपनी आहे!

भाव काढायला निघाले. एकाने एका पैठणीइतके पैसे सांगितले. दुसऱ्याने सेकंडहँड गाडीइतके. वस्तू एकच, मग असं कसं? राजवाड्याच्या साडीबाजारात चाळीस वर्षं घासाघीस केलेली बाई मी, मला वाटलं सगळे लुटारू. तिसरी ही. खालच्या दुकानदाराने विचारलं, “ऊपर जा रिये हो, आंटीजी? मैडम रेट जल्दी नी बताती, हाँ.” मी पदर खोचूनच जिना चढले.

“वेबसाईट कितीला?” मी खुर्चीत बसायच्या आत विचारलं.

“आधी सांगा काकूजी, तिच्यात काय काय हवं?”

मी यादीच सुरू केली. उघडल्याबरोबर शहनाई वाजायला हवी. समई तेवताना दिसायला हवी. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही हव्यात. ‘आमचे संचालक मंडळ’ असं एक पान. आणि कारखान्याचा फोटो.

“कारखाना कुठे आहे?”

“गॅलरीत.”

“आणि संचालक मंडळात कोण कोण?”

“मी. आणि कमला, अर्धा दिवस. कारखान्याचा फोटो तू इंटरनेटवरून घे ना एखादा, चिमणी असलेला.”

ती हसली नाही. हसली असती तर मी उठून गेले असते. तिने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर चौकोन काढले, एकेका चौकोनात काय काय येईल ते लिहिलं आणि मग किंमत सांगितली. पैठणीच्या वर, गाडीच्या बरीच खाली. मी माझ्या सवयीने म्हटलं, “निम्म्यात कर.”

तेव्हा तिने माझ्या पिशवीतली नमुन्याची चकली उचलली. “ही कशी किलो?” मी भाव सांगितला. “अरे यार काकूजी, बाजारात तर निम्म्यात मिळते.”

झालं! मी सुटले. बाजारची चकली मैद्याची! माझी भाजणीची. तांदूळ वेगळे धुवायचे, सावलीत वाळवायचे, प्रत्येक डाळ वेगळी भाजायची, कारण हरभरा डाळीला लागतो तो वेळ उडदाला दिला तर उडीद करपतो. पहिला घाणा बिघडला तर तो कमला घरी नेते, गिऱ्हाईकाला जात नाही. आणि चकली चार दिवसांनी मऊ पडली तर लोक मला फोन करतात, बाजाराला नाही! त्या फोनचेही पैसे आहेत त्यात!

माझा श्वास संपेपर्यंत ती ऐकत राहिली. मग चकलीवर जीरावन भुरभुरलं, एक तुकडा मोडला आणि म्हणाली, “तसंच.”

एवढंच. त्या एका शब्दात मला वेबसाईटची किंमत बरीचशी कळली. पैठणीवाला तयार साच्यातून काढून देणार होता, बाजारच्या चकलीसारखी. गाडीवाला गावजेवणाचा भाव लावत होता आणि मला जेवायला घालायची होती चार माणसं. हिने आधी माणसं मोजली. शहनाई काढली, समई काढली. “हिंदी आणि मराठी ठेवू, इंग्रजी कोण वाचणार, गुप्ताजी?” असं म्हणून एक भाषा काढली. किंमत खाली आली ती घासाघीस न करता. पण दोन गोष्टी तिने काढू दिल्या नाहीत. एक, खरे फोटो. दुसरी, दरवर्षीचं जागेचं भाडं.

“कसली जागा?” मी म्हटलं.

“वेबसाईटला राहायला जागा लागते ना. तिचं वर्षाचं भाडं.”

“ती तर तुझ्या ह्या डब्यातच राहते की! दिसतेय मला.”

“ह्यात नाही राहात, काकूजी. ह्यात नुसती दिसते.”

मला वाटलं, ही मला बनवतेय. भाडं मी दिलं, पण कुरकुरत.

तिच्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना ती परत पाठवायची. मी बसलेली असताना एक क्लासवाले सर आले, त्यांना मोठं ॲप करून हवं होतं. ही म्हणाली, “सर, आधी तुमच्या क्लासमध्ये कुणीतरी फोन उचला. मी काल तीनदा लावला.” ते तणतणत गेले. मी विचारलं, “अगं, आलेली लक्ष्मी अशी घालवतात?” तर म्हणे, “आत्ता घेतले असते पैसे, तर वर्षाने येऊन भांडले असते. आधीच भांडून घेतलं.”

फोटो काढायला ती घरी आली. मी ठेवणीतली साडी नेसले, मोत्यांचा सर घातला आणि डायनिंग टेबलाशी संचालक मंडळासारखी बसले. तिने एक फोटो काढला, माझ्या समाधानासाठी. मग म्हणाली, “आता आधी रोजची साडी नेसून या.” आणि गॅलरीत जमिनीवर बसून तिने माझे सोऱ्या फिरवणारे हात टिपले. चाळणी धरलेली कमला टिपली, ती लाजून नुसती “हाव, हाव” म्हणत मान डोलवत होती. मग भाजणी भाजता भाजता मी काय बडबडले ते आधीबाईने लिहून घेतलं आणि तेच पहिल्या पानावर टाकलं: ‘भाजणी आम्ही घरी भाजतो. वेळ लागतो. घाई असेल तर बाजारात मिळते.’ मी म्हटलं, हे असं कोणी लिहितं का? ती म्हणाली, “तुम्ही बोललात तसंच आहे. खोटं असेल तर काढते.”

त्याच दुपारी, कढईखालचा गॅस बारीक केल्यावर तिने विचारलं, “काकूजी, ही वेबसाईट खरं तर कोण बघणार आहे?”

“गिऱ्हाईक. आणखी कोण?”

“गिऱ्हाईक तर तुम्हाला फोन करतातच. आणखी कोण?”

मी यंदाच्या उकाड्याबद्दल बोलायला लागले. तिने उकाड्याचं सगळं ऐकून घेतलं; अभयच्या पुण्याचं तर ती सकाळपासून ऐकतच होती. मग म्हणाली, “पुण्याला दाखवायची असेल तर एक फोन पण पुरतो. फोन फुकट असतो.”

“तू तुझी वेबसाईट कर,” मी तोडून टाकलं. तिने केली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. होळकरांच्या फौजेतल्या पूर्वजांची तलवार कधीच गेली, आता माझी हत्यारं म्हणजे सोऱ्या, झारा आणि मोठी कढई. त्या वर्षी मी ठरवलं, वेबसाईटही त्याच दिवशी सुरू करायची. दसऱ्याच्या सुट्टीत अभय आला होता. पाटावर सोऱ्या, झारा, कढई आणि त्यांच्या मधोमध आधीबाईचा लॅपटॉप उघडा. पडद्यावर माझे हात आणि खाली ‘वेळ लागतो’. मी लॅपटॉपच्या कडेला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. अभय वाकून बघत होता. आता बोलेल, आता बोलेल, असं मला वाटत होतं. मी नारळ हातात घेतला, वरवंटा उचलला. एका दणक्यात नारळ फोडणारी म्हणून माझी ख्याती आहे.

“काकूजी, आधी...” आधीबाई म्हणाली.

आयुष्यात तिचं ते एकच ‘आधी’ मी पुरं होऊ दिलं नाही.

पाणी कारंज्यासारखं उडालं आणि थेट त्या बटणांवर पडलं. माझे हात दिसेनासे झाले. पडदा काळा झाला.

मी वरवंटा टाकून खाली बसले. मला वाटलं, मेली. माझ्या हातून मेली, तीही पूजेत. आणि मग तोंडातून काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. “गेली रे माझी वेबसाईट! आता मला पुण्याला यावं लागणार! मला नाही रे यायचं, अभय!”

कमलाच्या हातातली आरती तशीच राहिली. अभयने हळूच विचारलं, “आई, रश्मीचं काही...?”

“नाही रे. रश्मी सोन्यासारखी आहे. पण तुमच्याकडे दुपारचे चार वाजले की मला काय करावं कळत नाही. इथे चार वाजता भाजणीचे तांदूळ गॅलरीतून आत घ्यायचे असतात.”

तो माझ्याजवळ जमिनीवर बसला. बापासारखंच त्याचं, गहिवरलं की चिडतो. “मग हे आधी सांगायचं नाही का? मी वर्षभर वेड्यासारखा तुझ्यासाठी खोली रिकामी करतोय!”

मग आम्ही दोघंही रडलो. आणि आमचं रडून होईपर्यंत थांबून आधीबाईने आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यात माझे हात होते. सोऱ्या फिरवत होते. खाली ‘वेळ लागतो’.

“वेबसाईट डब्यात राहात नाही, काकूजी. तुम्ही भाडं भरलंय ना, तिथे आहे ती. ठणठणीत.”

“म्हणजे मी उगीच रडले?” मी विचारलं. अभयने तिथेच बसून स्वतःच्या फोनवरून एक किलो चकली मागवली, पुण्याच्या पत्त्यावर. पाठवण्याचा खर्च बघून म्हणाला, “एवढा?” मी म्हटलं, “मग येऊन घेऊन जात जा.” तेव्हापासून तो येतो.

काही वर्षांनी आधीबाईने ऑफिस बंद केलं आणि ती नागपूरला गेली. जाण्याआधी घरी येऊन वेबसाईटच्या सगळ्या किल्ल्या माझ्या नावावर करून गेली आणि पासवर्ड माझ्याकडून पाठ करून घेतले. नागपूरला का, असं मी विचारलं. म्हणाली, “आई एकटी आहे, आणि इकडे यायला तयार नाही. आधी वाटलं, समजावू तिला. मग तुम्ही आठवलात.” आता तिथूनच काम करते. दरवर्षी दिवाळीला मी तिला चकली पाठवते, आणि पाकिटात जीरावनची पुडीही टाकते, शरण गेल्यासारखी. वेबसाईटचं भाडं भरायच्या दिवशी तिचा हटकून फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: “आधी सांगा, भरलं का?”

पण ती म्हटली की मला आमचा जिनाच आठवतो, त्या खंडेनवमीचा. ती लॅपटॉप उलटा धरून उतरत होती आणि पायरीपायरीवर नारळाचं पाणी ठिबकत होतं. कडेला माझं कुंकू तसंच. मी तिच्या मागोमाग उतरले आणि म्हटलं, “अगं, केवढं नुकसान केलं मी तुझं! किती झाले सांग.” आणि मला काहीच न विचारता तिने पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं:

“लॅपटॉपचं बिल पाठवीन काकूजी, सोडणार नाही. पण आज तुम्ही अभयशी जे बोललात ना, ते बोलणारी वेबसाईट तुम्ही कितीही पैसे दिले असतेत तरी मला बनवता आली नसती.”